लाल फडक्याचं पातेलं

२ फेब्रुवारी

आत्या,

आधी बस. नाही बसलीस, मला माहितीये. ओट्याला टेकून उभ्यानेच वाचतेयस, आणि मागून शिडी तुझ्या डोक्यावरून वाचतेय. शिडीमावशी, नमस्कार. तुम्हीपण बसा, तुमच्या सावलीत तिला अक्षर दिसत नसेल.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता. तीनदा. तिन्ही वेळा "वॉर्डाची गाडी निघायचीये" म्हणालीस आणि ठेवलास. पत्राला "गाडी निघायचीये" म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तर, आपली फिल्म निवडली गेली! ती नऊ मिनिटांची. सप्टेंबरमध्ये तुझ्या हॉस्पिटलच्या भटारखान्यात तीन दिवस तुमच्या पायापायात लुडबुडत जी केली ती.

हा महोत्सव जरा वेगळा आहे. छोट्या फिल्म दाखवतात आणि प्रत्येक फिल्मबरोबर काहीतरी चाखायला देतात. म्हणजे पडद्यावर कोणी पाव भाजत असेल, तर फिल्म संपता संपता तुझ्या हातात पावाचा कोमट तुकडा येतो. सात फिल्म, सात घास, एकशेवीस माणसं. आपली सगळ्यात शेवटी. आणि आपल्या फिल्मचा घास कुठला हे सांगायला नको. भोपळ्याचं अळणी सूप! ज्याच्यावर तुमचा हृदयाचा आणि किडनीचा अख्खा वॉर्ड जगतो ते.

तुला काही करायचं नाहीये, घाबरू नकोस. तिथे एक मोठा शेफ आहे, टीव्हीवर वगैरे असतो, तो करणार. तू फक्त पाहुणी. पहिली रांग, मधली खुर्ची. २२ मार्च, दुपारी. रजा आत्ताच टाक.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "सूप पाजायला फिल्म कशाला लागते?" तुझा भाऊ आहे, तूच बघ काय ते.

भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

कागद उलटून बघू नकोस. जुन्या आहाराच्या चिठ्ठ्या आहेत, मागची बाजू कोरी म्हणून वापरतेय. "खाट ११, अळणी, मऊ" हे तुझ्यासाठी नाही.

पत्र मी दोनदा वाचलं. शिडीने तीनदा. आज भाजी चिरताना ती सगळ्यांना सांगत होती की आपण सिनेमात आहोत. तू तिचं डोकं कापलंयस फ्रेममधून, फक्त हात आणि खांदे आलेत, हे मी तिला सांगितलेलं नाही.

मला आनंद झाला. हे एकदाच लिहिते, परत परत विचारू नकोस.

पण मी येणार नाही. प्रवासात माझे पाय सुजतात. अंधारात बसलं की झोप लागते. आणि पहिल्या रांगेत बसून स्वतःलाच बघायचं म्हणजे आरशासमोर जेवल्यासारखं.

एक काम कर मात्र. त्यात मी वाटी तोंडाला लावते आणि मान हलवते ना, ते काढून टाक. तोंड उघडं दिसतं माझं, बरं नाही दिसत. बाकी सगळं ठेव. भोपळा चिरते ते ठेव, हात छान आलेत म्हणाली होतीस. फक्त ते वाटीचं काढ.

आणि तो शेफ खरंच अळणी करणार आहे का? विचारून घे.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

नाही काढणार.

तू मान हलवतेस तिथेच फिल्म आहे. बाकी सगळं भोपळा चिरणं आहे, भोपळा कोणीही चिरतं. पण अळण्याची पहिली वाटी स्वतः प्यायल्याशिवाय गाडी वॉर्डात सोडायची नाही, हे कोण करतं? आणि नेमका तिथेच माझा आवाज येतो, "हिच्या जिभेला फसवता येत नाही." आवाज घुमू नये म्हणून कपाटात कपड्यांमध्ये बसून, घामाने निथळत रेकॉर्ड केलंय ते वाक्य. तोंड उघडं दिसतं म्हणे! तोंड न उघडता सूप पिता येतं का?

आता शेफचं ऐक. काल त्याने सगळ्या फिल्मवाल्यांना घास चाखायला बोलावलं होतं. आपलं सूप काळ्या दगडी वाडग्यात आलं. वर काचेचं झाकण, झाकणाखाली धूर. झाकण उचललं की धूर तुमच्या तोंडावर, मग खाली सूप. त्यात लोणी, मलई, वर खारवलेल्या बिया. नाव ठेवलंय "आठवणीचा भोपळा". मी म्हटलं, "अहो, पण हे अळणी नाहीये." तो म्हणाला, "अळणी कोण चाखायला येतं?"

सगळे हसले. आत्या, मीपण हसले. येताना बसमध्ये स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटली. आणि छान लागत होतं ते, हे त्याहून वाईट.

अजून एक, किरकोळ आहे. त्या वाटीच्या शॉटमधून चार सेकंद मी आधीच कापलीत. तांत्रिक कारण होतं, मागे काहीतरी हलत होतं. तेवढ्यावर समाधान मान आणि ये.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

धूर? आमच्याकडे धूर निघाला तर बंब येतो.

"अळणी कोण चाखायला येतं" म्हणाला ना तो? त्याला सांग, येत कोणी नाही. आणून झोपवतात.

तुला पहिल्या वाटीचं धड कधी सांगितलं नाही. कॅमेरा समोर असला की मला नको ते सुचतं. मी बावीसची होते, कामाला लागून महिना झाला होता. किडनीच्या वॉर्डात एक मास्तरीणबाई होत्या, गणिताच्या. रोज वाटी परत पाठवायच्या. एक दिवस मीच घेऊन गेले. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "आधी तू पी." मी म्हटलं, मला कुठे पथ्य आहे? "म्हणूनच पी."

प्यायले. पूर्ण. डोळ्यात पाणी आलं. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता दे." आणि घटाघटा प्यायल्या. सतरा दिवस हेच. आधी मी, मग त्या. अठराव्या दिवशी वाटी घेऊन गेले तर गादी गुंडाळलेली.

तेव्हापासून पहिली वाटी माझी. आणि रोज प्यावं लागतं म्हटल्यावर मी ते सुधारायला लागले. भोपळा आधी भाजायचा, कडा काळ्या होईपर्यंत. कांदा अगदी मंद, शेवटी लिंबाची साल. मीठ नसलेलं आणि चव नसलेलं, यात फरक आहे. तो कळायला मला सहा वर्षं लागली. धूरवाल्याला एका दुपारीत कसा कळणार? आणि तू तिथे हसलीस. बरं.

वाटीचं काढ. हात जोडते. का ते विचारू नकोस.

आणि ती चार सेकंदं कसली? मागे काय हलत होतं?

आत्या


२८ फेब्रुवारी

आत्या,

चार दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आता एका दमात.

मागे शिडी हलत होती. मला शूट करताना दिसलं नाही, घरी एडिटला बसले तेव्हा दिसलं. तू वाटी पितेस, मान हलवतेस, "बरोबर" म्हणतेस. तुझ्यामागे शिडी तुझ्या उष्ट्या वाटीत बोट घालून ते वर तोंडाकडे नेते. तिचे खांदे एकदम वर जातात. मग ती दोन ढांगांत दाराशी पोचलेल्या गाडीचा दांडा धरते आणि गाडी मागे ओढते. चार सेकंद. मी वीस वेळा पाहिलं. काहीच कळेना. मग त्या आधीचं फुटेज लावलं.

त्यात एक हात येतो. डावीकडच्या पातेल्याच्या कानाला बांधलेलं लाल फडकं सोडतो आणि उजवीकडच्या पातेल्याला बांधतो. उजवीकडे खिडकी होती, वाफेवर ऊन पडलं होतं, तिथे लाल काय सुंदर दिसत होतं! तो हात माझा आहे, आत्या. अंगठीसकट. तू तेव्हा स्वच्छ एप्रन घालायला गेली होतीस, तोही मीच सांगितला म्हणून.

लाल फडकं म्हणजे अळणी, हे मला ठाऊक नव्हतं. शपथ. मला वाटलं फडकं म्हणजे फडकं, शॉट झाल्यावर परत होतं तिथे बांधलंही.

म्हणजे तू प्यायलीस ते मिठाचं होतं. आणि तुला ते कळलंच असणार, तुला नाही कळणार तर कोणाला? तू मला वाचवायला मान हलवलीस ना? सगळ्यांसमोर माझी फजिती नको म्हणून? आणि मग शिडीला खुणावलंस? सहा महिने मी हे पोटात ठेवलंय. आणि तरी वर आवाज काय लावलाय, तर "हिच्या जिभेला फसवता येत नाही."

रागव. फोन कर. "गाडी निघायचीये" म्हणून ठेव. पण काहीतरी कर.

भिंगरी


२८ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे तू ते वाटीचं काढत नाहीयेस. मग ऐक.

मागच्याच्या मागच्या वर्षी मला ताप आला होता, आठवतं? आठ दिवस पडून होते. नवव्या दिवशी उठून चहा केला तर ते गरम पाणी. आधी वाटलं पावडर जुनी आहे. मग साबण नाकाशी धरला. मिरी चावली. कागद चावल्यासारखं. इथल्या कोणाला कळू नये म्हणून दुसऱ्या गावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, येईल परत. नाहीतर नाही येणार. यासाठी एवढं शिकला.

दीड वर्ष झालं. आली नाही.

कोणाला बोलले नाही. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी पातेल्यापासून हटवलं असतं. शिडीला तिसऱ्या दिवशीच कळलं, पण ती काही म्हणाली नाही. मी वाटी पिते, ती मागे उष्ट्या वाटीला बोट लावते आणि नाक खाजवते. नाक खाजवलं म्हणजे ठीक. मग मी मान हलवते. असं चाललं होतं आमचं. चांगलं चाललं होतं.

त्या दिवशी समोर कॅमेरा. मी शिडीकडे बघितलंच नाही. थाटात मान हलवली. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी डाव चुकीच्या पातेल्यात घातला होता. वाटी मिठाची, आणि मला पत्ता नाही. गाडीतलं सगळं त्याच पातेल्यातलं. शिडीने ती दारातून फिरवली. नाहीतर ते खाट अकराला गेलं असतं, त्यांना चिमूटभर मीठ म्हणजे काय ते तुला माहीत नाही. तेव्हापासून रोज हेच डोक्यात घेऊन मी भोपळा चिरते.

आणि तू तिथे वर आवाज लावलायस, हिच्या जिभेला फसवता येत नाही. एकशेवीस माणसं ते ऐकणार. म्हणून काढ म्हणत होते. तोंड माझं चांगलंच आहे.

आता काढशील?

आत्या


५ मार्च

भिंगरे, गाढवे,

आपली पत्रं रस्त्यात एकमेकींना ओलांडून गेली. तुझं वाचून मी आधी पाच मिनिटं भांडी आपटली. शिडी लांब जाऊन उभी राहिली.

लाल फडकं! अगं, वीस वर्षांत त्या फडक्याला कोणी हात लावलेला नाही. एकदा अधीक्षकसाहेब त्याला हात पुसायला गेले तर शिडीने त्यांचं मनगट धरलं होतं. आणि तू? ऊन छान पडलंय म्हणून?

मग मला हसू यायला लागलं. थांबेना. सहा महिने मी स्वतःला खात होते की म्हातारी झाले, डावं-उजवं कळेना झालं. आणि हे ऊन छान पडलं होतं!

पण एक नीट समजून घे. फडकं तू हलवलंस, ती तुझी चूक. पण जीभ असती तर पहिल्या घोटाला कळलं असतं आणि फडक्याने काही बिघडलं नसतं. जीभ नाही हे लपवलं, ती माझी. तुझी तू ठेव, माझी मी ठेवते. उगाच माझ्या वाटची पाठीवर घेऊन हिंडू नकोस.

आणि तुला वाचवायला मी मान हलवली म्हणे. तुझ्या फजितीपायी मी किडनीच्या वॉर्डात खारट सूप सोडीन? आत्या आहे मी तुझी, वेडी नाही.

सोमवारी आहारबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या आहाराच्या प्रमुख, पोरगी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. ऐकता ऐकता पेनचं टोपण चावत होती. मग रडली, मग मला अळण्याच्या पातेल्यापासून हटवलं. दोन्ही बरोबर. शिडीचं नाव मी सांगितलं नाही, तर शिडी स्वतःच आत आली, दाराला डोकं आपटून. २८ तारखेला चौकशी आहे दोघींची.

अधीक्षकांनी बोलावून सांगितलं, फिल्ममध्ये असलं काही दिसता कामा नये, हॉस्पिटलची शोभा होईल. मी म्हटलं, "साहेब, दीड वर्ष झाकून धरलं होतं, आता हात दुखायला लागला."

तर ऐक. ती चार सेकंदं परत लाव. तुझा हातही लाव, अंगठीसकट. ते जिभेचं वाक्य काढ. आणि सूप मी करणार, शिडी चाखणार. दोघींनी रजा टाकलीये. धूरवाल्याला सांग, त्या दिवशी त्याला सुट्टी.

आत्या


१२ मार्च

आत्या,

लावली. हातही लावला. काय कुरूप दिसतो माझा हात! नखं चावलेली, आणि वर त्या हाताचा रुबाब बघ, जसा काही भटारखाना आपल्याच बापाचा. जिभेच्या वाक्याच्या जागी आता शांतता आहे. हाताच्या शॉटवर एकच वाक्य टाकलंय, "हे फडकं मी हलवलं."

आता लढाईची बातमी. संयोजकबाईंना नवी फिल्म दाखवली. त्या म्हणाल्या, छान, धाडसी वगैरे, पण सूप शेफचंच राहील, पत्रिका छापून झाली. शेफ शेजारीच होता. म्हणाला, "चूक दाखवायची आणि वर बेचव पाजायचं? लोक माझं नाव बघून येतात." मी म्हटलं, "मग आमच्या फिल्मपुढचं तुमचं नाव काढा." आवाज इतका चिरका आला की मलाच लाज वाटली. पण शब्द निघून गेले होते. मग पुढचेपण गेले. म्हटलं, अळणी देणार नसाल तर फिल्म परत द्या. घरी भिंतीवर दाखवीन, आणि दारात आत्या पातेलं घेऊन उभी राहील.

तीन दिवस कोणाचाच फोन नाही. मी तीन दिवस नखं खाल्ली (उरलेली). काल संयोजकबाईंचा आला. हो म्हणाल्या! एकच अट, प्रत्येक कपाबरोबर मिठाची छोटी पुडी ठेवणार. "ज्यांना लागेल त्यांच्यासाठी."

मी हो म्हटलं. दमले होते गं. चुकलं का?

भिंगरी


१५ मार्च

चुकलं. पण पुड्यांचं मी बघते.

आठ भोपळे सांगून ठेव, मध्यम. मोठे पाणचट निघतात.

आत्या


२४ मार्च

भिंगरे,

तू सगळा वेळ वरच्या मशीनच्या खोलीत होतीस. खाली उतरलीस तेव्हा आमच्या गाडीची वेळ झाली होती आणि तू नुसती गळ्यात पडून रडलीस. म्हणून खाली काय काय झालं ते सांगते.

सूप सकाळीच केलं. त्यांच्या किचनमध्ये सगळं चकाचक, पण एक डाव धड नाही. शिडी चाखायची आणि नाक खाजवायची. मी म्हटलं, अगं आता तोंडाने सांग, आता काय लपवायचंय? म्हणाली, "सवय लागली." मग घसा खाकरून सगळ्या किचनला ऐकू जाईल असं ओरडली, "ताई, साल अजून थोडी!" धूरवाला दाराशी उभा राहून बघत होता. मी त्याला कांदे सोलायला दिले. सोलले त्याने. हात चांगला आहे, म्हणजे मुळात कामाचा माणूस.

मग मी माझ्या मधल्या खुर्चीत. शेजारी एक मिशाळ गृहस्थ, मांडीवर वही. खाण्यावर लिहितात म्हणे, पेपरात. पहिली फिल्म पावाची. पावाचा तुकडा हातात आला. मी तोंडात घातला, लाकूड. शेजारी विचारलं, "कसं लागतंय हो?" त्यांना बरं वाटलं असावं. म्हणाले, "एक प्रकारची हरवलेली ऊब आहे." मी म्हटलं, "तसं नको. गोड आहे की आंबट?" चमकून बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, "मला चव लागत नाही. तुम्ही सांगा, मी ऐकते."

आणि भिंगरे, त्यांनी सांगितलं गं. दुसऱ्या फिल्मला स्ट्रॉबेरी होती, ती थंड आहे आणि देठाजवळ आंबट आहे म्हणाले. तिसऱ्याला कसलंसं चीज होतं, त्याला मोज्यांचा वास आहे म्हणाले. वही मिटली होती एव्हाना. सहाव्या फिल्मपर्यंत मी न विचारताच माझ्या कानाशी वाकून सांगत होते. मागच्या बाईने दोनदा "श्श" केलं.

मग आपली. माझे हात खरंच छान आलेत. तुझा हात आला, फडकं सोडलं, बांधलं, "हे फडकं मी हलवलं." लोक जरा हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मग मी वाटी प्यायले, मान हलवली, "बरोबर" म्हटलं. आणि मागे शिडी. शिडीचं डोकं नाहीये तरी कळतं, नुसत्या खांद्यांवरून. गाडी मागे ओढली जाते तेव्हा चाकांचा जो आवाज होतो ना, त्यावर सगळ्या हॉलचं हसू थांबलं. मी समोर बघत बसले. खाली बघणार नाही असं ठरवूनच गेले होते.

दिवे लागले. पोरी ट्रे घेऊन निघाल्या. कपाशेजारी पुड्या. मी उठले. पहिला ट्रे अडवला, पुड्या उचलून पिशवीत टाकल्या. दुसरा, तिसरा, सगळे. संयोजकबाई धावत आल्या, "अहो, अहो ताई, ते ज्यांना लागेल त्यांच्यासाठी आहे!" मी म्हटलं, "वॉर्डात सगळ्यांनाच लागतं. तिथे पुडी मिळत नाही." जरा मोठ्याने निघालं. मागच्या रांगेपर्यंत गेलं.

आता सगळे बघतच होते, म्हणून म्हटलं, होऊन जाऊ दे. पहिला कप मी उचलला. उभ्याने. सांगितलं, "ती पडद्यावरची मीच. मला चव लागत नाही. दीड वर्ष मी ते लपवलं, ते चूक केलं. आज हे शिडीने चाखलंय, ती तिकडे उभी आहे, दिसेलच तुम्हाला. मीठ नाही यात. प्या किंवा पिऊ नका." आणि प्यायले. पूर्ण.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं काही समजू नकोस. दोघं उठून गेले. एका बाईने कप खुर्चीखाली सरकवला, मी बघितलं. नंतर गोळा करताना एकतीस कप भरलेले निघाले. वॉर्डातून रोज याहून जास्त परत येतात, तेव्हा शिडी खूश होती.

मिशाळ गृहस्थ प्यायले. मी विचारलं, "कसं लागतंय?"

"मीठ नाहीये."

"ते मला माहितीये. पुढे सांगा."

अजून एक घोट घेतला. "भाजल्याचा वास आहे. मग गोड. मग सगळं संपतं, आणि कुठून तरी साल येते. कडसर." कप मांडीवर घेतला. "माझे वडील शेवटचं वर्षभर असंच काहीतरी प्यायचे. मी रोज पाजायचो. चमच्याने."

"आणि?"

"कधी चाखून बघितलं नाही."

माझ्यापासून एक पुडी सुटली होती. त्यांनी मुठीत धरली होती. ती माझ्या हातावर ठेवली आणि उरलेलं सूप संपवलं. वहीत काही लिहिलं नाही.

धूरवाला मागे भिंतीला टेकून होता. अर्धा कप प्यायला. अर्धा ठेवला. ठीक आहे, मला पहिल्या दिवशी तेवढंही जमत नव्हतं.

परवा चौकशी झाल्यावर कळवते. नाही, परवा नाही, २८. तारखांचं मला काही समजत नाही हल्ली, पण ते जिभेमुळे नाही.

आत्या


६ एप्रिल

भिंगरे,

झाली चौकशी. लांब टेबल, चार माणसं, एक पाण्याचा जग, त्याला कोणी हात लावला नाही. माझ्या फाइलीत ताशेरा आला. शिडीच्या फाइलीतपण. तिने तो मागून घेऊन वाचला आणि म्हणाली, "नाव बरोबर लिहिलंय." अळण्याचं पातेलं आता तिच्याकडे. रोज दोघींनी चाखायचं, वहीत सही करायची, असा नवा नियम निघाला. चांगला आहे. दीड वर्ष आधी निघायला हवा होता, पण त्यासाठी मी दीड वर्ष आधी बोलायला हवं होतं.

लाल फडकं शिडीने पातेल्याच्या कानाला तारेने आवळून टाकलंय. तुझ्यासारख्या लोकांसाठी.

मला भोपळा भाजायला ठेवलंय, आणि गाडीबरोबर वॉर्डात जायला. गाडीवर मी एक वाटी जास्तीची ठेवते. पहिल्या दिवशी आहारबाईंनी विचारलं, ही कोणाची? म्हटलं, माझी. म्हणाल्या, "आता गरज नाही, चाखायला शिडी आहे ना." मी म्हटलं, "चाखायला शिडी आहे. मी चाखायला नाही पीत." त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग अजून एक ताशेरा लिहा, फाइलीत जागा आहे. अजून लिहिलेला नाही.

खाट अकरावर आता एक नवीन बाई आहेत. तीन दिवस वाटी परत पाठवत होत्या. काल मी स्टूल ओढून बसले आणि माझी वाटी उचलली. रागाने बघत होत्या. म्हणाल्या, "कसं झालंय?"

म्हटलं, "मला नाही लागत चव. तुम्हीच सांगा."

प्यायल्या. एक घोट, मग दुसरा.

"वाईट आहे," म्हणाल्या.

मी माझी वाटी संपवली. त्यांनी त्यांची.

आत्या